सेवा सुधारण्यासाठी

शुक्रवारी म्हापशात अशील बाजार करूनच येतात,
म्हणून आमच्या ऑफिसाला सुक्या बांगड्यांचा वास असतो.
दुपारी दोनला शेवटची पिशवी उठली
तेव्हा मांद्रेकर बाईंनी एकतीस पानं माझ्यापुढे ठेवली.
"मेलवाल्यांनी नियम बदललेत. वाच,
आणि मराठीत सांग, आपल्या कागदांचं काय होणार."
त्यांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येतं.
मराठीत सांग म्हणजे खरं सांग.

मराठीत "शकतो" होईल असा शब्द
त्रेसष्ट वेळा आला, मी मार्करने मोजला.
वाचू शकतो, जपून ठेवू शकतो,
विश्वासू भागीदारांना दाखवू शकतो.
भागीदार कोण, ते नाही.
आम्ही इथे एका घराच्या इन्व्हेंतारात
लिस्बनच्या चुलत पणतूचंसुद्धा नाव लिहितो.

आठव्या पानावर ठळक अक्षरांत:
आम्ही तुमची माहिती विकत नाही.
बरं वाटलं. चहा मागवला.
बाराव्या पानावर, बारीक अक्षरांत:
सेवा सुधारण्यासाठी आमची यंत्रं तिच्यावरून शिकतात.
विकत नाहीत. शिकतात.
मराठीत एका अक्षराचा फरक.
विकण्याची पावती तरी मिळते.

आणि काय आहे आमच्या त्या पेटीत?
एकोणीस वर्षं.
शिवोलीच्या घराचे सात वाटे आणि उशिरा सापडलेला आठवा भाऊ,
स्विंडनहून धाडलेले पासपोर्टांचे फोटो, अंगठ्यासकट,
एक मृत्युपत्र, जे ज्याच्या नावे आहे
त्यालाही अजून माहीत नाही.
आणि इनासिनचं पत्र.

इनासिनचा नवरा तारवटी.
ऑगस्टात, रात्री दोन वाजता तिने लिहिलं,
एकही पूर्णविराम न देता,
तो जहाजावरून घरी येतो तेव्हा काय होतं ते सगळं.
सकाळी सातला दुसरं, एका ओळीचं:
"बाय, काल बरयलें तें पिंजून उडय."
मी पुसलं. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं.
उलट कळवलं: पिंजलें.

एकोणिसावं पान:
पुसलेला मजकूर आमच्या प्रतींत काही काळ राहू शकतो.
चौसष्टावा. हा मोजायचा राहिला होता.
आणि यंत्र जे शिकून बसलं, ते?
त्यासाठी बत्तिसावं पान लागलं असतं.

मागच्या खोलीत एकोणीसशे एकतीसची नोंदवही होती,
वाळवीने निम्मी खाल्ली.
बाई तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या.
आज वाटतं, वाळवीने खाल्लं खरं,
पण कुणाला सांगितलं नाही.

सेटिंगमध्ये खोल, चार दारांपलीकडे
एक बटण सापडलं. चालूच होतं.
कुणी विचारलं नव्हतं
म्हणून कुणी नको म्हटलं नव्हतं.
बंद केलं. खाली सूचना आली,
जरा रुसल्यासारखी: काही सुविधा आता नीट चालणार नाहीत.
हे इथून पुढचं.
मागचं मागेच.

पाचला बाई म्हणाल्या, "बोल."
मी तक्ता दिला. धोका, किती, उपाय.
पैसे भरून दुसरी सेवा घ्या,
पासपोर्ट मेलवर मागवू नका,
मृत्युपत्रं कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला.
एका ओळीपुढे उपायाची चौकट रिकामी होती.
"ही कसली?"
"ही माझी," म्हटलं. "मी एकीला खोटं सांगितलंय."
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बोलल्या नाहीत काही.

शेवटची बस चुकवून
मी फोनवर इनासिनला लिहायला बसले.
"पिं" एवढंच टाईप केलं.
करड्या अक्षरांत त्याने पुढचं सुचवलं: पिंपरी.

अजून त्याला तो शब्द येत नाही.
किंवा येतो,
आणि गप्प बसलंय.