थांबा

एस्बियर्गच्या धक्क्यावरून पहाटे चारला निघालो.
मी फक्त बोट हाकतो, पवनचक्कीवर चढत नाही;
वायरलेसवर वरचं बोलणं तेवढं कानावर पडतं.

नव्वद मीटर उंचीवर चौघं.
सिग्ने म्होरकी, अठरा वर्षांची सवय हातांना,
आणि विलाड्स,
ज्याच्या हेल्मेटवरचं किमतीचं स्टिकरही अजून निघालेलं नाही.

ऑफिसच्या भिंतीवर लिहिलंय,
'थांबा' कुणीही म्हणू शकतो.
वाचतो की आम्ही, रोज, बुटांच्या नाड्या बांधताना.

दुपारी वारा चढू लागला.
शेवटचे सहा बोल्ट, मग पाच,
मग त्या पोराचा घोगरा आवाज : थांबा.
कुणीच काही बोललं नाही.
वायरलेसची खरखर,
खाली माझ्या बोटीला लाटांच्या चापट्या.
पुन्हा : थांबा. पान्याचा आकडा चुकतोय.

काम अर्धं टाकून उतरले.
परतीच्या दोन तासांत थर्मास कुणी उघडला नाही.
टोर्बेन वाया गेलेला दिवस मोजत होता,
क्रोनरमध्ये, मोठ्याने.
विलाड्सची मान खाली, बोलणी खायच्या तयारीत.

धक्का दिसू लागला तेव्हा सिग्ने म्हणाली,
"आकडा मलाही दिसला होता. सकाळीच.
म्हटलं, चालून जाईल."

टोर्बेनचा हिशेब मध्येच अडला.

तिने थर्मासचं झाकण फिरवलं,
पहिला कप पोराला दिला.
त्याचा हात थरथरत होता. तिचाही.
मी वेग जरा उतरवला,
कॉफी सांडू नये म्हणून.