अर्धा तालुका

सांग्याच्या मामलेदार कचेरीसमोर
नदीकडे पाठ करून माझं टेबल.
टायपरायटरचा 'र' जरा वर उडतो,
त्यामुळे इथले अर्ज पणजीतही ओळखू येतात.

नदी पाठीशी, म्हणून मी तिला फारशी पाहिलेली नाही.
ऐकतो मात्र.
मे महिन्यात ती घसा खाकरते,
श्रावणात कचेरीच्या पायऱ्या मोजायला येते,
दोन मोजते,
तिसरीवर विसरते, परत जाते.

बुधवारी सावळो वेळीप यायचा काजूच्या डोंगरावरून,
चपला कचेरीपुरत्या, एरवी पिशवीत.
एक-चौदाच्या उताऱ्यात स्वतःचं नाव शोधायचा,
दोरीवरच्या कपड्यांत आपला सदरा शोधावा तसा.
नाव नसायचं.
मी नवा कागद चढवायचो.
'माननीय महोदय' माझी बोटं झोपेतही लिहितात.

मग वरून हुकूम आला, तालुक्याचे दोन करा.
गावांची यादी भिंतीवर लागली,
माणसं निकाल बघावा तशी बघून गेली.
सावळोचं गाव पलीकडे पडलं.
डोंगर जागच्या जागी, काजू जागच्या जागी,
हलली ती कपाटं.
टेंपोत दोरीनं आवळून सत्तावीस कपाटं पुलावरून गेली,
एकाचं दार सारखं उघडत होतं.
नदीचं नाव यादीत नव्हतं. राहून गेलं असेल.

कायतानने चहाचं मोठं भांडं माळ्यावर टाकलं.
स्टँपवाल्या उसगांवकरांनी
दुपारची झोप सकाळी घ्यायला सुरुवात केली.
बुधवार इतर वारांसारखा दिसू लागला.

आणि परवा, बुधवारीच,
सावळो दोन बस बदलून हजर. हातात निरफणस.
"नांव मेळ्ळें," म्हणाला.
कपाटं हलवताना कुठल्याशा फायलीतून पडलं म्हणे.
मी उठून उभा राहिलो.
"पूण 'सावळे' बरयलां. बायलेचें कशें दिसता."

तिकडे संगणक आहे, मी म्हटलं, तिकडेच दुरुस्त कर ना.
"ताका विचारलें. तो म्हणटा, नांव बरोबर."

कागद चढवला. दुरुस्तीचा अर्ज.
'र' उडाला तिथे त्याने बोट ठेवलं,
"हो र पळयलो की तांकां कळटलें, सांग्याचो म्हूण."
आवाजात थोडा दम होता, वकील आणल्यासारखा.

पैसे नको म्हटलं.
तो ऐकेना, मग घेतले.
निरफणस टेबलावर, कागदं उडू नयेत म्हणून.
मागे नदी काहीतरी म्हणत होती,
मी पुढची ओळ चुकलो.