अर्धा मिलिमीटर

वही माझ्याकडे असते, व्हर्नियर ओइवाकडे.
तो शिडीवर, डोक्यात पोराचं जुनं हॉकीचं हेल्मेट,
कारण घुबडीण सरळ डोळ्यांवर येते.
मी खाली, गुडघाभर बर्फात,
हातात पेन्सिल. शाई इथे एप्रिलातही गोठते.

वरून आकडे येतात, तारेतल्या मजकुरासारखे कोरडे:
लांबी एकोणपन्नास पूर्णांक आठ.
रुंदी बेचाळीस पूर्णांक एक.
मग तो अंडं परत ठेवतो,
जणू त्यानंच ते चोरलं होतं.

चौतीस पेट्या. एकतीस वसंत.
दर तीन-चार वर्षांनी कुरणं उंदरांनी फुगतात,
बर्फ वितळला की त्यांचे बोगदे दिसतात गवतात,
कुणी विणकाम उसवून टाकावं तसे.
त्या साली नर रात्रीत दहा-दहा आणतो,
पेटीत कडेला रचून ठेवतो,
ती बसून खाते, जड होते,
मार्चमध्येच घालते, पाच घालते,
आणि प्रत्येक अंडं अर्ध्या मिलिमीटरनं मोठं.

अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाची कड.
कारखान्यात एवढ्यासाठी ओइवा
अख्खा दांडा भंगारात टाकायचा.

मग उंदीर संपतात.
कुठे जातात, यावर विद्यापीठातली माणसं अजून भांडतात.
ती दोनच घालते, बारीक. किंवा घालतच नाही.
त्या रकान्यात मी शून्य लिहीत नाही,
आडवी रेघ ओढते.
शून्य म्हणजे काही नव्हतं.
रेघ म्हणजे तिनं विचार केला.

एका उपाशी साली आम्ही हॅचरीतून मेलेली पिल्लं आणली,
गोठलेली, पिवळी, पोतंभर,
आणि एकाआड एक पेटीत ठेवली.
जिथे ठेवली तिथली अंडी भरली.
विद्यापीठ खूश झालं.
मला मात्र मधल्या पेट्यांकडे बघवेना.
तिथल्या मादीनं काय म्हणून
पोटाला चिमटा घ्यायचा? आमच्या तुलनेसाठी?
ओइवा म्हणाला, तुओवी, वही धर नीट.

चव्वेचाळीसच्या शरदात
माझी आई कारेलियातून निघाली,
दोरीला गाय, पोटात मी.
वाटेत सलगम, आणि कॉफी म्हणून भाजलेली राय.
जानेवारीत एका शाळेत मी जन्मले,
बटाट्याच्या तराजूवर मला तोललं:
एक किलो नऊशे.
सुईण म्हणाली, लहान आहे, पण सगळं आहे.
आईनं तेवढा आकडा बायबलच्या मागच्या पानावर लिहिला.
गाईचं पुढे काय झालं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

यंदा ओइवाचे हात थरथरतात.
म्हणून हेल्मेट माझ्या डोक्यात,
शेजारची हिल्ला शिडी धरून उभी.
सतरा नंबरच्या पेटीत एकच अंडं,
ऊबदार, भुशात अर्धं रुतलेलं.
सत्तेचाळीस पूर्णांक सहा, मी ओरडले.
खालून आवाज आला: पुन्हा मोज.
पुन्हा मोजलं. तेवढंच.

तेवढ्यात ती आली. काही ऐकू आलं नाही,
नुसता कानशिलावर दगड बसावा तसा दणका,
आणि हिल्लाची किंकाळी.

खाली उतरले तेव्हा
गुडघे माझे नव्हते.
वही बघितली. ओइवाचं नवं अक्षर,
वेडंवाकडं, रकान्यात न मावणारं.
सत्तेचाळीस पूर्णांक सहा
दोन ओळी खाऊन बसलं होतं.