खटका

काळमेघांची लाल गाडी नागपूरहून सर्व्हिसिंग होऊन आली.
ऑइल नवं, फिल्टर नवा,
काचेवर बोट फिरवलं तर किरकिरावं इतकी धुतलेली.
छप्पर मात्र बसलं ते बसलं,
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं तोंड मिटून.

दिग्रस रोडला माझं दुकान.
पंपांचे स्टार्टर, ट्रॅक्टरचे डायनामो, कधीमधी कुणाचा कूलर.
छप्पर उघडणारी गाडी तालुक्यात ही एकच,
पुण्याच्या कुणा हौशी माणसाने विकलेली, तिसऱ्या हातची,
लग्नसराईत भाड्याने फिरते.
"संध्याकाळी आर्णीची वरात हाय, बापा," काळमेघ म्हणाले,
"नवरदेव काय काचेतून दाखवू लोकाईले?
पेशंट हाय का थो?"

ऊन असं, की बॉनेटवर ठेवलेला पान्हा
फडक्याशिवाय उचलता येईना.
जमलेल्यांनी निदान करून टाकलं.
पोचीराम म्हणे, बॅटरी काढून लाव.
टपरीवाला हफीज म्हणे, उन्हानं रबर चिकटलं.
एक जण तर सब्बल घेऊनच आला.

मी फ्यूज पाहिले, एकेक, उजेडात धरून.
पंपाचं तेल पाहिलं.
बटण दाबून कान लावला.
बिघडलेली मोटर गुरगुरते, कण्हते, जळका वास सोडते.
इथे नुसता एक बारीक लाल दिवा,
आणि टुक्.
पुन्हा दाबलं. टुक्.
तीस वर्षं यंत्रांचं कण्हणं ऐकलेला माझा कान,
त्याला हे कळायला दुपार कलावी लागली:
ही मोडलेली नव्हती.
ही नाही म्हणत होती.

काहून, ते डिक्कीत होतं.
छपराने मागे येऊन घडी होऊन निजायचं,
ती जागा मोकळी आहे असं सांगणारा एक पडदा असतो;
तो वर सारून ठेवलेला.
नागपूरच्या कुणा पोराने स्टेपनीची हवा तपासली,
मापात भरली,
आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली असेल.
मी पडदा ओढला.
अंगठ्याएवढा खटका. टच्.

मग आधी काचा उतरल्या.
मग छपराने पाठ उचलली,
पंगतीतून उठणाऱ्या जाड माणसासारखी, सावकाश,
स्वतःला दुमडलं, आणि गेलं आत.
पोरं ओरडली.
सब्बलवाल्याने सब्बल पाठीमागे धरली.
उघड्या सीटवर निंबाचं एक वाळकं पान पडलं.

"काय होतं?" काळमेघांनी विचारलं.
तीन चहा पाजले होते त्यांनी,
माझ्या डोक्यावर स्वतःचा दुपट्टा ओला करून टाकला होता.
खटका, असं म्हणवेना.
"आत एक वायर सुटली होती," मी म्हणालो.
पाचशे घेतले, वरच्या खिशात घातले,
खिशाचं बटण लावलं.

संध्याकाळी वरात दुकानावरून गेली.
नवरदेव उभा, फेट्याचा शेमला वाऱ्यावर,
मागे कुणाची तरी आत्या धुळीत नाचत.
काळमेघांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून
मला नमस्कार केला, सगळ्यांना दिसेल असा.

मी डिक्कीकडे पाहत होतो.
पुढच्या खेपेला पुन्हा कुणी स्टेपनी तपासेल,
पडदा तसाच राहील,
गाडी पुन्हा नाही म्हणेल,
आणि हा माणूस टॉर्च घेऊन, गुडघे टेकून,
वायर शोधत बसेल.