मानशीवर, पौषात

दुर्भाटच्या खाजनात थंडी म्हणजे
बांधावरच्या गवतातून चालताना
पोटरीपर्यंत दंवाने भिजणे, एवढीच.
कानटोपी फक्त माझ्या डोक्यावर.
इनास उघड्या डोक्याचा, खांद्यावर गोणपाट,
आणि तोंड सुरू:
जावयाची मोटारसायकल,
यंदाच्या पावणीत मानस किती हजारांनी चढली,
आणि याच दारातून एकदा आत आलेली मगर
जिची लांबी दर हिवाळ्यात हातभर वाढते.

मग पाणी थांबले.
फळ्या कुरकुरल्या.
सुकती लागली आणि खाजन निथळू लागले
भातातून पेज गाळावी तसे, सावकाश,
वाफेसकट.

जाळ्याचे पोट फुगले.
आधी सुंगटे, मग काळुंदरे,
एक चुकार चणक.
सांगट शेवटी येते, इनास म्हणाला,
थंडीत चिखल सोडवत नाही त्याला.
आणि आले की कुरकुरते,
अर्ध्या झोपेतून उठवलेल्या सासऱ्यासारखे.
मिशांकडे बघू नकोस, तो म्हणाला,
पाठीवरचा काटा बघ.

मी मिशांकडे बघत होतो.

आधी काहीच वाटले नाही.
मग अंगठ्यातून खांद्यापर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढत नेली.
इनासने थर्मासमधला चहा माझ्या हातावर ओतला,
साखरेसकट,
आणि उरलेला घोट स्वतः प्यायला.

सहा सांगटे टोपलीत गेली.
सातवे मोठे, पण पोट खपाटीला गेलेले,
जड होते ते फक्त डोके.
टॉर्च जवळ नेला तशी त्याने मिटलेला जबडा उघडला
आणि फळीवर अंडी घरंगळली.
पिवळी, करवंदाएवढी.
मी मोजली, अकरा.
एकात डोळा होता.

नर, इनास म्हणाला.
मादी घालून जाते. हा तोंडात धरून फिरतो.
महिनाभर काही खात नाही.
पुढे जोडायला त्याच्याजवळ काही नव्हते.
त्याच्याजवळ!

त्याने अंडी परत त्या तोंडात घालून पाहिली.
माशाने ती पुन्हा बाहेर टाकली.
दारापाशी ओढ फार होती,
संथ पाणी बांधाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला,
वाट निसरडी,
मासा धरायला दोन्ही हात हवे,
आणि माझा एक हात कामातून गेलेला.
तेव्हा इनासने अकराही अंडी
एकेक करून स्वतःच्या तोंडात ठेवली.

गाल फुगवून तो चालू लागला.
मी मागून टॉर्च धरला.
किती पावले असतील, वीस, पंचवीस.
तेवढ्यात मला पहिल्यांदाच ऐकू आले
की चिखलात कुर्ल्या चालतात त्याचा आवाज होतो,
की पलीकडच्या गावात जत्रेचा ढोल अजून थकलेला नाही,
की इनास नाकाने श्वास घेताना
बारीक शिट्टी वाजते.

तो गुडघ्यांवर बसला.
आधी मासा सोडला.
मग पाण्यात तोंड बुडवले
आणि बराच वेळ वर आला नाही.

वाचतील? मी विचारले.
त्याने नदीनेच चूळ भरली, थुंकला.
मला काय ठाऊक, म्हणाला,
खारट होती.
आणि परत येताना मगरीचे सुरू केले.
दारापर्यंत येता येता
ती आणखी हातभर वाढली.

उजाडता उजाडता टोपलीची वाटणी झाली.
माझ्या वाट्याला दोन सांगटे.
घरी आंबट-तीख झाले, त्रिफळा घालून,
झणझणीत.
हात सुजलेला, म्हणून चमच्याने जेवलो.
घशात काही अडकले नाही, खोटे कशाला बोलू,
दुसऱ्यांदा वाढून घेतले.

अंगठा मात्र तीन दिवस ठणकत होता,
भरतीला जास्त,
किंवा मला तसे वाटले.