पांढरी टाइल

मीटरचं तोंड आठ मिलिमीटर,
चकती पाचची.
मधली जागा कोण भरतं?
टेबल भरतं. माझं बोट भरतं.
खालचा कागद, बाजूची फट, वरची ट्यूबलाइट,
जो तो आपला रंग आत सरकवतो
आणि आकडा उमटतो, दोन दशांशांपर्यंत ठाम,
जसा काही हळदीचाच.

म्हणून काळ्या कार्डाला भोक पाडलं, चार मिलिमीटरचं.
पंच मिळाला गणपती पेठेत, चपलांच्या सामानात.
आता रोज सकाळी कार्डासकट
टाइलला विचारायचं आधी:
बाई, पांढरं म्हणजे किती?

वाण सतरा. एका रोपाचं एकच हळकुंड,
करंगळीच्या पेराहून आखूड.
कापलं की मिनिटाच्या आत नोंद.
दुसऱ्या मिनिटाला त्याला कोरड पडते,
तिसऱ्याला ते दुसरंच कुणी असतं.
कडेला फिकट, मध्ये शेंदरी.
सरासरी नेमकी कशाची, हे वहीत लिहिलेलं नाही.

अब्बा एकतीस वर्षं मार्केट यार्डात.
पोत्यात हात घालून हळकुंड मोडायचे, कटकन.
तुटल्या जागेकडे एकदाच बघायचे,
म्हणायचे, "चढा," नाहीतर "उतरता."
तेवढ्यावर रुमालाखाली बोटं दाबली जायची.

गेल्या महिन्यात मिरजेत मोतीबिंदू काढला, उजवा.
पट्टी सुटली तसे भिंतीला म्हणाले,
"चुना कधी मारला?"
मग उजवा झाकला. "नाही, जुनाच आहे."
मग डावा. मग पुन्हा उजवा.
आठवडाभर हाच उद्योग,
चहाच्या कपावर, बनियनवर, माझ्या ओढणीवर.
एका रात्री जेवताना घास थांबवून,
"शमीम, म्हणजे मी पिवळ्या काचेतून
पिवळं बघत होतो?"

मी सतराची उरलेली फोड आणली होती, पुडीत.
"ओलं आहे गं. ओल्यावर काय सांगू?"
तरी घेतली. दिव्याखाली धरली.
डाव्याने: चढा.
उजव्याने बराच वेळ काही नाही.
मग, "लिही दोन्ही."

सकाळी मीटर सुरू केला.
टाइल उजेडाकडे तिरकी धरली
तर बरोबर मध्यावर
पिवळसर ठसा, अंगठ्याचा.
माझ्याच.
स्पिरिटच्या बोळ्याने पुसला.
काल तिला विचारूनच
अठ्ठेचाळीस चकत्या मोजल्या होत्या.