गळती

तीन वाटांनी जाऊन पाहिलं.
पेन ड्राइव्ह लावला, तर मशीनला तो दिसेचना,
दारात उभं राहून हाक मारावी
आणि आतल्यांनी टीव्हीचा आवाज वाढवावा, तसं.
डीव्हीडी त्र्याहत्तर टक्क्यांवर अडकली,
खरखरली, थांबली, परत खरखरली.
मग मोबाइलच्या नेटवरून एकेक पॅकेज ओढत बसले
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पत्र्याखाली, मे महिन्यात;
रेंज यायची ती फक्त संडासाशेजारच्या खिडकीत.

राजेशम दुडम म्हणाले, "फुकटचं आहे म्हणून असं करतंय काय ओ मॅडम?"
म्हटलं, फुकटचं नाही. मोकळं आहे.
त्यांना काही फरक पटला नाही.
खरं सांगायचं तर दुपारी दोन वाजता
मलाही पटला नव्हता.

शेवटी स्क्रू खोलून डिस्कच काढली,
रुमालात बांधली, रिक्षानं कन्ना चौकात दुकानी आणली,
दुसऱ्या मशीनच्या पोटात घालून सिस्टिम भरली
आणि संध्याकाळी परत नेऊन बसवली.
पहिलेटकरणीला माहेरी आणतात, तशातला प्रकार.

चालू झालं.
पडद्यावर चादरीचा मोर उभा राहिला.
दुडमांनी डब्यातली अर्धी कडक भाकरी पुढे केली, वर शेंगाचटणी.
मागे चोवीस माग धडधडत होते,
त्यामुळे कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी फोन.
"मशीन झोपतंय."

सकाळी चारशे एमबी. जेवणाच्या सुट्टीत दीड जीबी.
दिवेलागणीला सगळीच मेमरी संपलेली,
माऊसचा बाण वाळूतून चालल्यासारखा.

दुडमांना कसं सांगायचं?
म्हटलं, तुमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो ना?
शेजारीण एक कळशी उसनी नेते. परत आणत नाही.
उद्या दुसरी नेते.
तिचं काम होतं, ती वाईट नाही, विसरते एवढंच.
चौथ्या दिवशी नळाला पाणी असतं
आणि घरात भांडं नसतं.
"कोण आहे ती?" दुडम म्हणाले, एकदम गंभीर.

तेच शोधत होते.
रात्री पाळी बदलली तरी मी ओळी वाचत बसलेले,
कुठल्या देशातल्या कुणी लिहिलेल्या, उघड्या ठेवलेल्या.
जुने कार्डवाले मल्लेशम शेजारी येऊन उभे राहिले;
तीस वर्षं त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडली.
कॉम्प्युटर त्यांना येत नाही. बोट मात्र पडद्यावर ठेवलं:
"एक भोक राहिलं, की मोर लंगडा होतो बघ.
मोराकडं बघू नको.
कार्ड कुठं संपतंय, तिथं बघ."

संपतंय तिथं पाहिलं.
रंग आठाच्या वर गेले, की फंक्शन
मधल्याच दारानं बाहेर पडतं,
आणि कळशी परत करायची ओळ
त्या दाराच्या पलीकडे राहते.
लिहिणाऱ्याच्या गावात आठ रंग पुरत असतील.
इथं नुसत्या मोराच्या पिसाऱ्याला अकरा लागतात.

एक ओळ वर उचलून ठेवली.
तीन वाजता चारशे बारा एमबी.
चहा घेऊन आले, तरी चारशे बारा.
मल्लेशम बाकावर झोपले होते, चपला उशाला.

दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवली. तीन आठवडे झाले.
त्यांनी पाहिली असेल, नसेल.

आणि अजूनही रोज अकरा एमबी कुठंतरी जातात.
ते मला सापडलेलं नाही.
पत्र्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय:
दर सुट्टीच्या दिवशी बंद करून चालू करणे.
खाली कुणीतरी तेलुगूत एक ओळ जोडली आहे.
मला वाचता येत नाही.
विचारलं, की सगळे नुसते हसतात.